थोरल्या जावेची लीडर

आमच्या कोरेगावच्या घरी मी नक्की काय काम करते, हे अजून कुणाला धड सांगता येत नाही. सासरे फौजेतून रिटायर झालेले. त्यांनी आपल्या परीनं अर्थ लावला आणि गावभर सांगून टाकलं, "आमच्या सूनबाई भरती अधिकारी हायत." झालं! त्यानंतर कितीतरी दिवस दारात भरतीची तयारी करणारी पोरं. छाती किती लागते, पळायचं किती, मेडिकल अवघड असतं का? मी सांगून सांगून दमले, की बाबांनो, मी स्ट्रॉबेरीच्या कारखान्यात एचआर आहे. तिथं पळावं लागत नाही, उभं राहावं लागतं, तेही गारठ्यात, गमबूट घालून. पोरं हिरमुसून परत गेली. सासरे मात्र अजूनही भरतीच म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते एचआरपेक्षा बरं वाटतं.

माझं माहेर सांगलीचं, एमबीए तिथलंच. माणूस कसा निवडावा, त्याला कसं शिकवावं, त्याचं काम कसं जोखावं, त्याला कसं टिकवावं आणि वेळ आलीच तर नीट निरोप कसा द्यावा, हे सगळं आम्हाला शिकवलं. सर फळ्यावर चौकोन काढायचे. वरच्या चौकोनातून रेघ खाली यायची, खालच्या चौकोनाला लागायची. कोण कुणाला विचारणार, कोण कुणाचं ऐकणार, सगळं लख्ख. मी ते चौकोन अगदी मन लावून वहीत उतरवले होते. त्यात जावा-जावा कुठंच नव्हत्या.

आमचा कारखाना पाचगणीच्या घाटाखाली. सीझनला वरून क्रेट भरभरून स्ट्रॉबेरी येते. बायका पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून फळाचं देठ आणि हिरवी टोपी काढतात, खराब फळ बाजूला टाकतात, आणि चांगलं फळ पुढं गोठवायला जातं. तिथून ते परदेशात कुणाच्या आइस्क्रीममध्ये पडतं देव जाणे. काम करणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका, बऱ्याचशा मेढ्याच्या बाजूच्या. सुरुवातीला मी हौसेनं जाहिरात काढली, मोबाइलवर फॉर्म ठेवला. एक अर्ज आला नाही. मग एक बाई आली, तिनं शेजारीण आणली, शेजारणीनं भावकी आणली, आणि बघता बघता एका गल्लीतल्या सगळ्या चुली माझ्या पहिल्या शिफ्टला.

इंटरव्ह्यूला सासवा यायच्या. खोटं नाही सांगत. खुर्चीवर सासू बसायची आणि जिला नोकरी हवी ती मागं उभी. मी सुनेला विचारायचे, "तुम्हाला हे काम का करायचंय?" उत्तर खुर्चीवरून यायचं, "घरात बसून करती काय?" पहिल्यांदा मी चिडले. सासूला बाहेर बसवलं तर सूनही तिच्या मागोमाग बाहेर. मग मी शहाणी झाले. आधी सासूला कारखाना दाखवायचे, बायकांचे संडास-बाथरूम दाखवायचे, गाडी कुठं थांबते ते सांगायचे, चहा पाजायचे. सासू पास झाली की सून पास. हे काही कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही.

अशाच एका इंटरव्ह्यूला थोरली आणि धाकटी आल्या. सख्ख्या भावांच्या बायका. थोरली आमच्याकडं आधीपासून होती. दणकट बांध्याची, मोठ्या आवाजाची, लाइनवर सगळ्यांची आक्का. धाकटी बारावी झालेली, किडकिडीत, आणि तोंडातून शब्द बाहेर काढायला जणू कर लागत असावा अशी गप्प. त्यांच्या सासूला धाकटीनं बाहेर पडायला नको होतं. थोरलीनं घरात भांडण काढलं, दोन दिवस अबोला धरला आणि धाकटीला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "म्याडम, हिला घ्या. हिचं डोकं लय चालतं. घरात भांडी घासून गंज चढंल त्याला."

मी घेतलं. थोरलीनंच तिला काम शिकवलं. फळ कसं धरायचं, नखानं नाही तर पात्यानं टोपी कशी उचलायची, पाय दुखले तर वजन कुठल्या टाचेवर टाकायचं. सकाळी लवकर निघायचं म्हणून थोरली दोघींच्या भाकरी थापायची आणि धाकटीला म्हणायची, "तू केस विंचर, मी हाय." हे मला धाकटीनंच नंतर सांगितलं.

आमच्याकडं लाइन लीडर म्हणून नेहमी बाहेरची डिप्लोमा झालेली पोरं यायची. सीझनभर राहायची आणि पुण्याला पळायची. मी साहेबांच्या मागं भुणभुण लावली, की लाइनवरच्याच एखाद्या बाईला लीडर करू. आमचे साहेब सज्जन आहेत, पण नवीन काही म्हटलं की आधी नाहीच म्हणतात. शेवटी म्हणाले, "करा. पण आधी कच्ची. सीझनच्या मध्यात बघू. जमलं तर पक्की, आणि पुढंही बायकांतूनच घेऊ. नाही जमलं तर परत मला हा विषय सांगायचा नाही." म्हणजे एका बाईच्या खांद्यावर सगळ्या लाइनचं ओझं.

मी धाकटीला बोलावलं. ती कंप्युटरवर नोंदी झरझर करायची, मोजमाप चोख, डोकं थंड. तिला सांगितलं तर पांढरीफटक पडली. "आक्काला करा. मी तिच्या वर? न्हाई वो म्याडम, न्हाई." मग थोरलीला बोलावलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मला त्ये कंप्युटरचं जमत न्हाई. तिला करा. करत न्हाई म्हंजी काय? मी सांगती तिला." आणि खरोखर थोरलीनं हुकूम सोडला म्हणून धाकटी लीडर झाली. फळ्यावरच्या चौकोनात ही रेघ कशी काढायची ते सरांना विचारायला हवं होतं.

पहिल्याच आठवड्यात क्वालिटीवाला माझ्याकडं धावत आला. चांगला मुलगा आहे, पण स्वच्छतेचं नाव काढलं की अंगात येतं त्याच्या. म्हणाला, "मॅडम, लीडर रोज सकाळी हात धुते, सॅनिटायझर लावते, आत येते आणि ऑपरेटरच्या गमबुटाला हात लावते!"

"गमबुटाला कशाला?"

"पाया पडते!"

मी जाऊन बघितलं. खरंच. सगळ्या बायका पट्ट्यासमोर उभ्या, आणि आमची लाइन लीडर, निळी टोपी घातलेली, वाकून थोरल्या जावेच्या पांढऱ्या गमबुटांना नमस्कार करत होती. थोरली ऐटीत म्हणाली, "हां, कर आता सुरू." तेव्हा कुठं लीडरबाईंनी सगळ्यांना दिवसाचं काम सांगितलं. मला हसू आवरेना. धाकटीला बाजूला घेतलं तर म्हणते, "आक्काच्या म्होरं हुकूम करायचा तर आधी तिचा आशीर्वाद नको व्हय? न्हाईतर माझी जीभच उचलत न्हाई." तंबी देणं माझ्यानं झालं नाही. मी नियम केला, की पाया पडायचं असेल तर लॉकरच्या खोलीत, हात धुण्याच्या आधी. क्वालिटीवाल्यानं तो नियम गंभीर चेहऱ्यानं भिंतीवर लावायची तयारी केली होती. मी म्हटलं, "अरे बाबा, कुणी ऑडिटला आलं तर काय सांगशील? गप बस."

पण नमस्कारानं भागत नव्हतं. थोरलीला काही केल्या कळेना की आपण आता ऑपरेटर आणि ही आपली लीडर. लाइन चालू असताना तिकडून हाक यायची, "अगं ए, त्ये क्रेट हिकडं घे!" आणि लीडर हातातली कामं टाकून क्रेट उचलून द्यायची. थोरली बोलता बोलता भराभर हात चालवायची, तिच्या फळांवर हिरव्या टोप्या राहून जायच्या. दुसऱ्या कुणाचं असं झालं तर धाकटी शांतपणे सांगायची, ट्रे परत करायची. थोरलीचा ट्रे आला की स्वतः उभी राहून निवडायची. एक शब्द नाही. बायका आंधळ्या थोड्याच असतात? जेवणाच्या सुट्टीत कुजबुज सुरू झाली, "जावंला येक न्याव, आमाला येक."

साहेबांच्या कानावर गेलंच. म्हणाले, "मी सांगत होतो. जिला एका बाईला बोलता येत नाही तिला लीडर कसं करायचं? सोपा उपाय सांगतो. थोरलीला पॅकिंगला हलवा."

मला एकदम राग आला. वाटलं, हे चौकोन इकडचे तिकडं सरकवणारं डोकं मीच यांना दिलंय की काय? तरी धाकटीला विचारलं. ती घाबरून म्हणाली, "आक्काला हलवू नगा. तिला वाटंल मीच हलवलं. तिनं सासूसंगं भांडून मला हितं आणलंय. परत घरात मला तोंड दावायला जागा ऱ्हायची न्हाई. त्यापरीस मलाच खाली घ्या." मी तिच्यावर ओरडले, "खाली घेतलं तर परत कुठल्या बाईला वर घ्यायचं नाव साहेब काढणार नाहीत, कळतंय का तुला? तोंड उघड! एकदा तरी उघड!" ती खाली मान घालून उभी. डोळ्यांतून टपाटप पाणी. मला तिची इतकी माया आली, की ओरडल्याचंच वाईट वाटलं. पण तिच्या वतीनं थोरलीला मी बोलून काय उपयोग? जे तिनं म्हणायचं ते तिनंच म्हणायला हवं होतं. साहेबांनी सांगितलेली मुदत तर अगदी तोंडावर आली होती.

तेवढ्यात त्यांच्या घरी लग्न निघालं. नणंदेच्या लेकीचं. दोघी मामी, म्हणजे मान मोठा. दोघींनी रजा मागितली, मी दिली. लग्नात कासार आला, सगळ्या बायकांच्या हातात हिरवा चुडा भरला. आता आमच्या कारखान्यात काचेचं नाव काढायचं नाही, हा पहिला धडा. फळात काच गेली म्हणजे संपलंच सगळं. एरवी बायका हातातलं जे असेल ते गेटवर काढून डब्यात ठेवतात आणि जाताना घालतात. पण लग्नाचा चुडा तसा काढघाल करायचा नसतो. धाकटीनं कासाराला आधीच सांगून मापापेक्षा मोठ्या बांगड्या भरून घेतल्या होत्या, हात आवळला की निघतील अशा. सासूनं नाक मुरडलं, पण तिनं ऐकलं नाही. थोरलीनं मात्र ऐटीत घट्ट भरला. आणि नवरी मांडवपरतणीला माहेरी येईपर्यंत मामीनं चुडा उतरवायचा नाही, असं सासूनं बजावलेलं.

लग्नानंतर दोघी कामावर आल्या त्या सकाळी मी वरच्या गॅलरीत उभी होते. तिथून सगळी लाइन दिसते, पण मशीनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. धाकटी पट्ट्याच्या कडेनं एकेकीकडं बघत चालली होती. थोरलीपाशी थांबली. थोरलीच्या कोटाच्या बाहीकडं बघत राहिली. बाही मनगटाशी फुगलेली, आत काहीतरी गुंडाळलेलं. धाकटीला कुणी सांगायची गरज नव्हती, चुडा भरताना ती शेजारीच बसली होती. थोरलीनं तिच्याकडं बघून मान हलवली. 'जा पुढं' अशी. घरातल्यासारखी.

धाकटी तिथंच उभी. मला वाटलं, आता ही पुढं जाणार. मनातल्या मनात म्हटलं, बाई गं, आज तरी जाऊ नकोस.

तिनं हात उचलला आणि लाल बटण दाबलं.

पट्टा थांबला. मशीन थांबली. सगळ्या कारखान्यात अशी शांतता झाली की खालचं अक्षर न् अक्षर वर ऐकू येऊ लागलं.

"आक्का, बाही वर करा."

"अगं, रुमाल बांधलाय मी. न्हाई पडायची काच. सांजच्याला घरी गेल्यावर बघू."

"बाही वर करा म्हनते न्हवं!" हा आवाज धाकटीचा आहे हे मला पहिल्यांदा कळलंच नाही. "ही फळं कुणाकुणाची ल्हान पोरं खात्यात, म्हाईत हाय का तुमाला? येक तुकडा गेला पोटात तर? आत्ताच्या आत्ता लायनीतनं भाईर व्हा! आन् हे सगळे ट्रे बाजूला काढा, येक फळ म्होरं जायचं न्हाई!"

थोरलीचं तोंड उघडं ते उघडंच. मग तिनं हातातलं पातं ठेवलं, टोपी काढली आणि मान ताठ ठेवून दरवाज्यातून बाहेर गेली. धाकटी पट्ट्याची कड धरून उभी राहिली.

मी केबिनकडं धावले. थोरली माझ्या आधी येऊन बसली होती. डोळे लाल. म्हणाली, "माझा राजीनामा लिवा."

"आधी पाणी प्या."

"पानी न्हाई, राजीनामा. चार बायकांच्या म्होरं! मला! हिला मी ह्या हातानं भाकरी खायला घातली. हिच्या बाळंतपणात मी रात-रात जागले. आन् मला म्हनती भाईर व्हा!" आणि हुंदके देऊन रडायला लागली. कुठल्या तोंडानं सांगणार, की मीच तिला तोंड उघड म्हणत होते?

मी नुसती शेजारी खुर्ची ओढून बसले. तिनं पदरानं नाक पुसलं.

"आमची सासू," ती हळूच म्हणाली, "तिच्या म्होरं हिच्यापायी भांडले तेवढंच, माझ्यासाठी कवा तोंड उघडलं न्हाई. लय येळा वाटलं, आता बोलावं. न्हाई झालं. चुडा उतरवायचा न्हाई म्हनली, न्हाई उतरवला. काच पडंल ह्ये मला कळत न्हाई व्हय? पर सासू म्हनली. संपलं." ती बाहीतल्या रुमालाची गाठ चाचपत होती. "हिला बी मी म्हनले असते ना, म्हातारी कवाच्या काळची हाय, तू नगं ऐकू. पर मीच न्हाई धाडस केलं, तर तिला काय शिकवू? कुठनं शिकली ही?"

"तुम्हीच आणली तिला इथं," मी म्हटलं.

ती हसली. रडता रडता हसली. "पर लय मोठ्यानं वरडली वो!"

"फार मोठ्यानं," मी म्हटलं. "वर गॅलरीत ऐकू आलं."

"आवं, मशीनच बंद केली की तिनं. समद्यांनी ऐकलं." आणि मग एकदम उठली. "साबन हाय का?"

मी बेसिनपाशी नेलं. तिनं रुमाल सोडला. हिरव्या बांगड्या मनगटात रुतून बसलेल्या. मी हाताला साबण लावला, तिनं अंगठा मुडपला, आणि आम्ही दोघींनी एकेक बांगडी ओढून काढायला सुरुवात केली. हात लालभडक झाला. एकही फुटू दिली नाही तिनं. मी म्हटलं, "सासूबाईंना काय सांगाल?"

"सांगीन की, लीडरनं काढायला लावल्या. पाटल्या न्हाईत त्या, काच हाय. कासार काय गाव सोडून चाललाय व्हय? सांजच्याला परत भरीन."

शेवटची बांगडी निघाली तेव्हा तिनं सगळा चुडा माझ्या टेबलावर ठेवला, कोरे हात पुसले, टोपी नीट घातली, केसांची एक बट आत सारली. दारापर्यंत गेली आणि वळली. आवाज एकदम नेहमीचा, लाइनवरचा, सगळ्यांच्या आक्काचा.

"म्याडम, सायबास्नी सांगा, तिला पक्की करा. जी मला भाईर काढती, ती आता कुनालाबी काढंल."

आणि हात धुवायला गेली.